रहदारीचा धनी कोण?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बँका, करपद्धती, फार तर सहकारी चळवळ यांवर लिहावे. संगणकाच्या पोटातील रहदारीशी तिचा संबंध काय, असे मला दोघातिघांनी विचारले. त्यांत एक प्राध्यापकही होते. "अगं, यंत्राचे काम यंत्रवाल्यांनी पाहावे, तू आपला ताळेबंद जुळव," असे ते हसत म्हणाले. सरांविषयी पूर्ण आदर राखून मला असे म्हणावयाचे आहे की, ज्याला आपण यंत्राचे काम म्हणून सोडून देत आहोत त्यातला बराचसा भाग मुळात व्यापाराचा आहे. गिऱ्हाईक दारात आले, त्याला कोणत्या गल्ल्यावर पाठवावे, किती वेळ उभे करावे, कोणाला आधी घ्यावे, आणि गर्दी फारच झाली तर कोणाला परत पाठवावे, हे प्रश्न दुकानदाराचे आहेत. ते आज संगणकाच्या भाषेत लिहिले जातात म्हणून ते इंजिनिअरचे होत नाहीत.

हे नुसते माझे मत नव्हे. इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत. त्या काळी टेलिफोन जोडून देण्याचे काम एक्सचेंजमध्ये बसलेल्या बाया करीत. स्ट्रोजरसाहेबांना संशय आला की, आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके वाटेतच प्रतिस्पर्ध्याकडे वळविली जात आहेत. एक्सचेंजमधली बाई त्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, असे सांगतात. खरेखोटे तिचे तिला ठाऊक. पण या संशयातून त्यांनी माणसावाचून चालणारे एक्सचेंज शोधून काढले, १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले, आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी ते सुरूही झाले. स्वयंचलित टेलिफोनचा जन्म अशा रीतीने विज्ञानप्रेमातून नव्हे, तर बुडत्या धंद्याच्या चिंतेतून झाला. आपल्याकडे हेच यंत्र खेड्यापर्यंत यायला जवळजवळ शतक लागले. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी जे १२८ जोडण्यांचे छोटे एक्सचेंज तयार केले, ते पहिल्यांदा १९८६ साली बसविले गेले ते याच जिल्ह्यात, माझ्या आजोळाजवळच्या कित्तूर गावी. राणी चन्नम्मांच्या कित्तूरची ही दुसरी ओळख आपल्या कॉलेजात फार थोड्यांना आहे. आमच्या मासिकाच्या कन्नड विभागाने तिच्यावर एखादा लेख मिळवावा, अशी माझी विनंती आहे.

तर एक्सचेंजमधली बाई गेली आणि यंत्र आले. पण बाईचा निर्णय गेला काय? मुळीच नाही. तो आता नियम होऊन यंत्रात बसला आहे. नियम कोणी तरी लिहितोच. माझ्या या लेखाचा विषय तो 'कोणी तरी' आहे.

आता थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. वाचकांनी पान उलटू नये. इंटरमीजिएट कॉस्टिंगपेक्षा हे सोपे आहे.

आज आपण मोबाईलवर तिकीट काढतो, पैसे पाठवितो, निकाल पाहतो, त्या प्रत्येक सेवेच्या मागे एकच एक मोठा संगणक नसतो. कामाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा एका डब्यात बंद केलेला असतो. या डब्याला कंटेनर म्हणतात, आणि तो शब्द बंदरावरून आला आहे. न्हावा शेवा बंदरात जसा डब्यात काय आहे हे न पाहता क्रेन सगळे डबे सारखेच उचलते, तसाच हा प्रकार. असे शेकडो, हजारो डबे अनेक संगणकांवर मांडणे, बिघडलेला काढून नवा ठेवणे आणि त्यांच्यातील रहदारी चालविणे, हे ज्या प्रणालीकडे सोपविलेले असते तिचे नाव कुबरनेटिस. गूगल कंपनीने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली, आणि २०१५ च्या जुलैत पहिली पक्की आवृत्ती काढून ती एका सार्वजनिक प्रतिष्ठानाच्या हवाली केली. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. इंग्रजीतला 'गव्हर्नर' हा शब्दही याच मुळापासून निघाला, हे मला शब्दकोश चाळताना कळले, आणि या विषयाचे गांभीर्य मला त्या एका नोंदीत जितके जाणवले तितके कोणत्याही तांत्रिक पुस्तकात जाणवले नाही.

पुण्याला नोकरी करणारा माझा आतेभाऊ गेल्या मे महिन्यात इब्रामपूरला आला होता. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने मला के-थ्री-एस नावाची या प्रणालीची धाकटी आवृत्ती बसवून दिली, आणि "दादा, हे काय, ते काय" अशा माझ्या प्रश्नांना तो आठवडाभर पुरून उरला. मी पाहिले ते असे. प्रत्येक डबा ज्या खोलीत राहतो तिला पॉड म्हणतात. मी तिला बिऱ्हाड म्हणते. कन्नडात याचेच भावंड बिडार, म्हणजे दोन्ही विभागांच्या वाचकांना समजेल. बिऱ्हाडाला पत्ता मिळतो, समजा १०.४२.०.९. ते बिऱ्हाड मोडले, दुसरे मांडले, की पत्ता १०.४२.०.१४. पुन्हा मोडले, पुन्हा तिसरा. दिवसातून दहा वेळा पत्ता बदलणाऱ्या माणसाशी व्यवहार कोण करणार?

म्हणून यांच्या पुढे एक पाटी लावतात. तिचे नाव सर्व्हिस. पाटीचा पत्ता कायम. मागची बिऱ्हाडे येवोत, जावोत. बाकीच्यांनी पाटीकडे बोलावे, पाटी त्यांना त्या घटकेला जे बिऱ्हाड हजर असेल तिकडे पाठवील. आता वाणिज्य शाखेच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, हे आपण कोठे वाचले आहे? कंपनी कायद्याच्या पहिल्याच धड्यात! सभासद येतात, सभासद जातात, कंपनी अखंड राहते; कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती, तिला शरीर नाही पण नाव आणि शिक्का आहे. सर्व्हिसचा पत्ता नेमका तसाच कृत्रिम आहे. तो कोणत्याही तारेला, कोणत्याही यंत्राला लावलेला नाही. माझ्या लॅपटॉपवर त्या पत्त्याला नुसती हाक मारली तर ओ येत नाही. ठरलेल्या दारावर, म्हणजे पोर्टवर, ठोठावले तरच आतून कोणी तरी बोलते. तो पत्ता म्हणजे संगणकाच्या गाभ्यात लिहून ठेवलेल्या नियमांची एक यादी, एवढेच. अस्तित्व नाही आणि तरी सगळा व्यवहार त्याच्याच नावावर, हे ज्याला कंपनी कायद्यात पटले त्याला येथे अडण्याचे कारण नाही.

ती यादी मी उघडून पाहिली, आणि तिच्यातील एका गोष्टीने मला फार आनंद झाला. पाटीमागे तीन बिऱ्हाडे असतील तर नियम तीन. पहिला म्हणतो, येणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा इकडे पाठवा. दुसरा म्हणतो, उरलेल्यांपैकी निम्मे इकडे. तिसरा म्हणतो, उरले ते सगळे माझे. वरवर पाहता तिसऱ्याची चंगळ दिसते. पण हिशेब करा: पहिल्याला एक तृतीयांश, दुसऱ्याला दोन तृतीयांशांचे अर्धे म्हणजे एक तृतीयांश, आणि तिसऱ्यालाही तेवढेच. तिघा भावांत वडिलार्जित जमीन वाटताना गावच्या पंचांना ही रीत सुचली असती तर आमच्या पेडण्याच्या कोर्टातली गर्दी निम्मी झाली असती!

परंतु ही समानता नियमाची आहे, न्यायाची नव्हे. तीन बिऱ्हाडांत एक थकलेले, दुसरे आजारी असले तरी हा नियम त्यांना सारखाच भार देतो. म्हणून दर काही सेकंदांनी प्रत्येकाला विचारले जाते, 'तयार आहेस काय?' उत्तर आले नाही की त्याचे नाव यादीतून तात्पुरते काढतात. शाळेतील हजेरीसारखेच. आणि सगळेच गैरहजर निघाले तर?

त्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला आहे. एका संस्थेच्या अर्ज भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी माझ्यासमोरच्या पडद्यावर फक्त तीन शब्द आले: 'नो हेल्दी अपस्ट्रीम'. बरोबरच्या मुलींनी याचा अर्थ 'इंटरनेट गेले' असा लावला. वस्तुतः इंटरनेट चांगले होते, दारावरचा द्वारपालही जागा होता. तो सांगत होता की, वरच्या अंगाला धड असे कोणी उरलेले नाही, मी तुम्हाला पाठवू कोणाकडे? मी नदीकाठच्या गावची. तिळारी नदी आमच्या बाजूने गोव्यात शिरते आणि पुढे शापोरा या नावाने समुद्राला मिळते. धरण वर दोडामार्ग तालुक्यात, महाराष्ट्रात. त्याच्या कालव्यांच्या पाण्यावर आशा ठेवणारी शेते खाली पेडणे, डिचोली आणि बारदेशात. कालवा वर कोठे फुटला तर खालच्याला आपल्या नळाची तोटी पाहून काही कळत नाही. 'अपस्ट्रीम'चा अर्थ आम्हाला शब्दकोशात शोधावा लागत नाही.

त्या संध्याकाळी अर्ज अडलेले शेकडो विद्यार्थी तीच ती कळ पुन्हा दाबत असणार. प्रत्येक दाबणे म्हणजे एक नवे गिऱ्हाईक. एखादे बिऱ्हाड सावरून 'तयार आहे' म्हणते न म्हणते तोच सगळा लोंढा त्या एकट्यावर कोसळणार, आणि तेही पुन्हा आडवे होणार. अंतिम तारखेचा दिवस अगोदर ठाऊक असतो, अर्जांची संख्या साधारण ठाऊक असते. मग यंत्रणा उभी करणाऱ्यांनी त्या दिवसासाठी बिऱ्हाडे वाढविण्याचा आणि दारावर रांग लावण्याचा नियम का लिहू नये? क्रिकेटचे सामने दाखविणारे हे करतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. त्यांना केवळ प्रेक्षक वाढण्याचीच नव्हे, एकदम घटण्याचीही तयारी ठेवावी लागते, कारण भरवशाचा फलंदाज बाद झाला की लोक सामना सोडून मागे फिरतात, आणि मागे फिरणारा प्रत्येक जण आधी मुखपृष्ठावर येऊन आदळतो. करमणुकीसाठी जेवढा विचार होतो तेवढा विद्यार्थ्याच्या अर्जासाठी व्हावा, ही अपेक्षा जास्त आहे काय?

याहून मोठे उदाहरण पैशाचे आहे. १२ एप्रिल २०२५, शनिवार, त्या दिवशी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास अडखळले. आता या व्यवहारांचे प्रमाण केवढे, तर त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी २,००० कोटींचा आकडा ओलांडला. भाजीवालीपासून सराफापर्यंत सगळे यावर अवलंबून. यूपीआय चालविणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नंतर जे कारण सांगितले ते मोठे उद्बोधक आहे. वीज गेली नव्हती, कोणी चोरही शिरला नव्हता. 'माझ्या व्यवहाराचे काय झाले?' ही चौकशी काही बँकांच्या यंत्रणा इतक्या वेळा, आणि जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, पाठवीत राहिल्या की खऱ्या व्यवहारांना वाट मिळेना. म्हणजे पोस्टात मनीऑर्डर करणाऱ्यांच्या खिडकीवर 'माझी मनीऑर्डर पोचली काय' असे दर मिनिटाला विचारणाऱ्यांचीच रांग लागली, असे समजा.

यावर उपाय काय काढला? नवी यंत्रे नव्हे, नियम काढले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात खात्यातील शिल्लक ५० वेळाच पाहता येईल, जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळा. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीन वेळा, आणि दोन चौकश्यांमध्ये ९० सेकंदांचे अंतर. आपोआप कापले जाणारे हप्ते गर्दीच्या वेळा टाळून, म्हणजे सकाळी दहाच्या आत, दुपारी एक ते पाच किंवा रात्री साडेनऊनंतर. आता मला सांगा, यांतला कोणता नियम इंजिनिअरिंगचा आहे? सकाळी दहा ते एक ही दुकानदाराची वेळ, ती कर्जाच्या हप्त्याच्या आधी मोकळी ठेवावी, हा अर्थशास्त्राचा निर्णय आहे. माझ्या मते तो अगदी योग्य आहे. परंतु तो योग्य आहे की नाही यावर आपल्या एकाही तासाला चर्चा झाली नाही. आम्ही मागणी-पुरवठ्याचा आलेख गव्हाच्या उदाहरणावर गिरवीत राहिलो, आणि शेजारी देशातील सर्वांत मोठ्या बाजाराची रेशनिंगची पद्धत ठरली.

निदान हे नियम जाहीर तरी झाले. माझी खरी तक्रार न जाहीर होणाऱ्या नियमांबद्दल आहे. बाहेरच्या रस्त्यावर, म्हणजे टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यात, मजकुरागणिक निराळा दर लावू नये असा दंडक ट्राय या नियामक संस्थेने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी घातला. तो घालण्यापूर्वी देशभर वाद झाला, लोकांनी लाखांनी पत्रे लिहिली. पण रस्ता संपून दुकानाचा उंबरा लागला की तो दंडक संपतो. आत रहदारी कशी वाटावी, हे कंपनी ठरविते. नव्या पद्धतीत एका ओळीत लिहिता येते की, शंभरांतील ९० गिऱ्हाइके जुन्या आवृत्तीकडे आणि १० नव्याकडे पाठवा. नवी आवृत्ती बिघडलेली निघाली तर नुकसान दहांचेच होते, ही सोय चांगली आहे. तिला त्यांच्या भाषेत कॅनरी म्हणतात. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायूची परीक्षा पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर होई, त्यावरून. मात्र त्या दहांना आपण पिंजऱ्यात आहोत हे कोणी सांगत नाही. आणि ज्या ओळीत ९० आणि १० लिहिता येते त्याच ओळीत आणखीही काही लिहिता येते: महागडा फोन वापरणाऱ्याची विनंती वेगवान बिऱ्हाडांकडे, साध्या फोनवाल्याची दुसरीकडे. प्रणालीला दोन्ही सारखेच. असे कोणी करतोच असा माझा आरोप नाही. करता येते, आणि केले तर गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. स्ट्रोजरसाहेबांना निदान बाईचा संशय तरी घेता आला!

येथेच वाणिज्य शाखेचे काम सुरू होते. हे नियम मनात नसतात, लिहिलेले असतात. साध्या मजकुराच्या फायलीत, तारीखवार, कोणी कधी बदलले याच्या नोंदीसह. वहीखाते तपासण्याची सवय असलेल्या माणसाला ती फाईल वाचायला शिकण्यास महिनाही लागू नये. लेखापरीक्षक गोदामात जाऊन पोती मोजतो, तेव्हा त्याला कोणी 'तू हमाल आहेस काय' असे विचारीत नाही. मग रहदारीचे नियम त्याने का तपासू नयेत? दुसरे एक उदाहरण देते. या प्रणालीत मुळात प्रत्येक बिऱ्हाड दुसऱ्या प्रत्येकाशी बोलू शकते. कोणी मुद्दाम मनाई लिहिली तरच दार बंद होते. आमच्या वाड्यावर दिवसा दारे उघडी असतात, ते ठीक आहे, सगळे ओळखीचे. पण पगारपत्रक असलेले बिऱ्हाड आणि बाहेरच्यांना जाहिराती दाखविणारे बिऱ्हाड एकाच वाड्यावर उघड्या दारांनी राहत असतील, तर ती गोष्ट अंतर्गत नियंत्रणाच्या अहवालात यायला नको काय? कॅशिअर आणि हिशेबनीस एकच माणूस नसावा हे आपण पाठ करतो, त्याचाच हा पुढचा धडा आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. बाहेरून येणाऱ्या रहदारीसाठी दुकानाला एक मुख्य दरवाजा लागतो. हा दरवाजा म्हणून जगभर ज्याचा अतोनात वापर झाला त्या प्रोग्रॅमचे नाव इनग्रेस-एनजिनएक्स. (एनजिनएक्स हा मूळ सर्व्हर निराळा, तो चालूच आहे, दोघांची गल्लत करू नये.) तो फुकट मिळतो, कोणीही घ्यावा, कोणीही वापरावा. २४ मार्च २०२५ रोजी विझ या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले की या दरवाजात असे एक भगदाड आहे, ज्यातून शिरलेला माणूस घराच्या सगळ्या किल्ल्यांपर्यंत पोचू शकतो. धोक्याच्या दहापैकी ९.८ गुण त्याला मिळाले. साडेसहा हजारांहून अधिक ठिकाणी हे भगदाड थेट रस्त्यावर उघडे होते. दुरुस्ती लगेच आली, हे खरे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात कुबरनेटिसच्या संबंधित मंडळींनी सांगून टाकले की हा दरवाजा आम्ही बंद करीत आहोत. मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढी डागडुजी, त्यानंतर नवी आवृत्ती नाही, दुरुस्ती नाही. कारण? गेली कित्येक वर्षे हे काम एक किंवा दोन माणसे पाहत होती, आणि तीही आपापली नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी.

हे वाचून मी काही वेळ स्तब्ध बसले. ज्या दरवाजातून मोठमोठ्या कंपन्यांची गिऱ्हाइके रोज जात-येत होती, त्याची बिजागरी तेल घालून ठेवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी बिनपगारी राबत होता! आणि कोणाच्याही ताळेबंदात त्याचा उल्लेख नव्हता.

ताळेबंदात का नव्हता, याचे उत्तर आपल्या शास्त्रात आहे, आणि ते मला या मंडळींच्या लिखाणात कोठे दिसले नाही म्हणून येथे मांडते. मालमत्ता आपण तिच्या किमतीला नोंदवितो. फुकट मिळालेल्या प्रोग्रॅमची किंमत शून्य. किंमत शून्य म्हणून घसारा शून्य. घसारा नाही म्हणून ती वस्तू जुनी होते आहे, एक दिवस बदलावी लागणार आहे, यासाठी दरसाल बाजूला ठेवायची तरतूदही शून्य. लाकडाचे टेबल विकत घेतले तर आम्ही त्यावर वर्षाला दहा टक्के घसारा लावतो. धंद्याचा दरवाजा फुकट मिळाला तर तो अमर आहे असे आमचे हिशेब गृहीत धरतात. दोष केवळ कंपन्यांच्या कंजुषीचा नाही, आमच्या नोंद करण्याच्या पद्धतीचाही आहे. ज्याची नोंद नाही त्याची काळजी कोण करील?

गोव्यातील वाचकांना हे नवे वाटू नये. नदीच्या खालच्या अंगाला आमची खाजन शेते आहेत. खारे पाणी बाहेर ठेवणारे बांध आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणारा मानस, हेही एक रहदारीचे दारच. ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. पूर्वी गावकारी आणि शेतकऱ्यांचे संघ त्याची देखभाल करीत. त्यासाठी वर्गणी, मजुरी, पहारा सगळे ठरलेले होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर हे काम कूळसंघटनांकडे आले. कूळ कायदा न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण जेथे जेथे बांधाची वर्गणी आणि पहारा मागे पडला, तेथे मानस कुजला, बांध फुटला आणि शेतात खारे पाणी शिरले. ते पाणी शिरताना वर्गणी भरलेल्याचे शेत कोणते आणि न भरलेल्याचे कोणते, हे पाहत नाही. जुन्या व्यवस्थेत इतर दोष पुष्कळ असतील, परंतु बांध फुकट टिकतो असा भ्रम तिला नव्हता.

कोणी म्हणेल की, जुना दरवाजा गेला तर काय झाले, नवे आले आहेत. खरे आहे. गेटवे एपीआय नावाची नवी पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून पक्की झाली आहे, तिच्यात कोणता नियम कोणी लिहावा याची कामे वाटून दिलेली आहेत: जाळे सांभाळणाऱ्याचा अधिकार निराळा, आणि आपल्या दुकानापुरती वाट ठरविणाऱ्याचा निराळा. पहिल्यापेक्षा ही व्यवस्था मला अधिक पसंत आहे. पण नव्या दरवाजालाही तेल लागणारच, आणि ते कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न जुन्याबरोबर निवृत्त झालेला नाही. माझी सूचना साधी आहे. जी कंपनी असे फुकटचे साधन धंद्याच्या मुख्य वाटेवर वापरते, तिने ते स्वतः बनवायला किती खर्च आला असता याचा अंदाज ताळेबंदाच्या टिपेत द्यावा, आणि त्याचा लहानसा भाग दरसाल देखभालीसाठी त्या मंडळींना पाठवून खर्ची टाकावा. नफ्यावर त्याचा परिणाम नगण्य होईल. टिपेत आकडा आला की भागधारक प्रश्न विचारतील, आणि प्रश्न विचारला गेला की व्यवस्थापनाला उत्तर तयार ठेवावे लागेल.

भाषेविषयी एक गोष्ट सांगते. हे सगळे शिकताना मला सर्वांत जास्त अडचण विषयाची नव्हे, इंग्रजीची झाली. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. घरी बाबांशी मराठी आणि आईशी कन्नड. दादाने 'सर्व्हिस म्हणजे ॲबस्ट्रॅक्शन' असे सांगितले तेव्हा मी नुसती मान हलविली, 'पाटी' म्हटल्यावर दहा मिनिटांत समजले, आणि आजोळी मामांना तेच 'बिडार' म्हणून सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या आधीच विचारले, "मग पाटी पुसली तर?" मामा अडत दुकानात कारकून आहेत, संगणकाचे त्यांचे ज्ञान माझ्याहूनही बेताचे. असा प्रश्न ज्याला पडतो त्याला विषय कळलेला असतो. आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांनी मिळून अशा चाळीस-पन्नास शब्दांची एक मराठी-कन्नड यादी केली, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना मान हलवीत बसावे लागणार नाही. माझी बारा शब्दांची यादी तयार आहे. ती मी संपादकांकडे दिली आहे.

आणि वाणिज्य मंडळाला एक विनंती. प्रयोगशाळेत मोडीत काढावयाचे दोन संगणक पडून आहेत. त्यांवर के-थ्री-एस बसते, पैसा लागत नाही. आठवड्यातून एक तास, परीक्षेनंतर, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एक पाटी, तीन बिऱ्हाडे मांडून द्यावीत, त्यांतले एक मुद्दाम बंद पाडावे, आणि रहदारीच्या नियमांची फाईल हातात देऊन त्यांना लेखापरीक्षण अहवाल लिहावयास सांगावा. सरांनी होकार दिला आहे, पण खोलीची किल्ली अद्याप कार्यालयाकडे आहे.